मनगटावरचे किलोमीटर

मुंबई मॅरेथॉन धावून दमलेली माणसं आझाद मैदानाकडे चालत असतात, तेव्हा त्यांच्यातलं एक बोलणं दरवर्षी कानावर पडतं. ‘तुझ्यात किती आलं?’ ‘बेचाळीस सहाशे.’ ‘माझ्यात तर बेचाळीस आठशे.’ आणि लगेच कुणीतरी निकाल देऊन टाकतं, ‘रस्ताच जास्त मोजलाय यांनी.’ यातलं ‘तुझ्यात’ म्हणजे तुझ्या घड्याळात. चार-पाच तास उन्हातान्हात धावलेला माणूस आणि त्याच्या मनगटावरचं यंत्र बोलीभाषेत एकच होऊन गेलेत, आणि त्या यंत्रानं दिलेला आकडा हा शेवटचा शब्द मानला जातो. ही पुस्तिका लिहावी असं वाटलं ते या संवादामुळे.

मला जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. घड्याळ अंतर मोजत नाही. आपण या क्षणी कुठे आहोत याचा ते दर सेकंदाला एक अंदाज बांधतं, अंदाजांचे ठिपके एकमेकांना जोडतं आणि त्या रेषेची लांबी आपल्याला सांगतं. शर्यतीचा रस्ता मात्र माणसांनी चाक फिरवून, जमिनीला टेकून मोजलेला असतो. दोन आकडे वेगळे आले तर रस्त्याच्या बाबतीत चाकाचं ऐकायचं. घड्याळाचं काय आणि कितपत ऐकायचं, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर आलं आहे.

नोकरीमुळे मी लखनौला राहतो, अमौसीला. विमानतळ इथेच आहे. त्याचं नाव चौधरी चरणसिंह आंतरराष्ट्रीय विमानतळ असलं, तरी गावातले लोक अजून ‘अमौसी’च म्हणतात. कानपूर रोडवर डोक्यावरून मेट्रोचा पूल जातो. अमौसी स्थानक उंचावर आहे आणि त्याच्या पुढचं विमानतळाचं स्थानक जमिनीखाली. जीपीएसचे गुणदोष शिकायला याहून चांगली शाळा मला तरी सापडली नसती. वसाहतीच्या आतल्या रस्त्यावर आभाळ मोकळं असतं. तिथे घड्याळानं काढलेली रेघ रस्ता सोडत नाही. तिथून पाच मिनिटांत पुलाखाली आलं की तीच रेघ बिथरते. घरी येऊन नकाशा उघडावा तर मी दुभाजकावरून, समोरच्या दुकानांमधून, एकदा तर चक्क विमानतळाच्या भिंतीपलीकडून धावलेलो दिसतो. धावलो होतो रस्त्याच्या डाव्या कडेनं, एका सरळ रेषेत.

जानेवारीत इथे धुकं असं पडतं की दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही आणि विमानं तासन्‌तास खोळंबतात. नव्यानं धावायला आलेले हमखास विचारतात, ‘आज घड्याळाला उपग्रह दिसतील का?’ दिसतात. जीपीएसच्या लहरी सुमारे वीस सेंटिमीटर लांबीच्या असतात. धुक्याच्या कणांची त्यांना जवळजवळ अडचणच होत नाही. अडचण काँक्रीटची होते, काचेची होते, आणि पावसाळ्यात ओल्या पानांच्या दाट झाडीचीही होते.

हे का होतं ते थोडक्यात पाहू. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येकात आण्विक घड्याळ असतं आणि तो ‘मी इथे आहे, आता इतके वाजलेत’ असं अखंड सांगत असतो. तो निरोप आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. निरोप निघाला केव्हा आणि पोचला केव्हा यावरून उपग्रह किती दूर आहे ते निघतं, आणि अशा किमान चार उपग्रहांची अंतरं जुळवली की आपली जागा निघते. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात तीस सेंटिमीटर जातो. म्हणजे वेळेत एवढ्याशा कणाची चूक झाली की अंतरात एका फुटाची चूक झालीच. हे काम मनगटावरच्या, बोटाच्या पेराएवढ्या अँटेनानं, हात मागेपुढे हलत असताना करायचं असतं. मला तर ते बरोबर येतं याचंच जास्त नवल वाटतं.

पुलाखाली आलं की सरळ येणारा निरोप अडतो. त्याच उपग्रहाचा निरोप समोरच्या इमारतीवर आपटून, वळसा घेऊन घड्याळाला मिळतो. वळसा पंधरा मीटरचा असेल तर घड्याळाला वाटतं, उपग्रह पंधरा मीटर आणखी लांब आहे. मग ते आपल्याला उचलून रस्त्याच्या पलीकडे ठेवतं. मुंबईत पेडर रोडच्या उंच इमारतींमधून जाताना हेच होतं, आणि सागरी सेतूवर आलं की घड्याळ शहाण्यासारखं वागायला लागतं, कारण तिथे दोन्ही बाजूंना समुद्र आणि वर आभाळ असतं. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरच्या घाटात डोंगराची कूस अर्धं आभाळ झाकते, तिथे वेगळी तऱ्हा. घाटातला चढ घड्याळाच्या हिशेबात येत नाही म्हणून अंतर कमी येतं, असं मात्र बरेच जण सांगतात, त्यात फार तथ्य नाही. शंभरात पाच असा चढ असला तरी किलोमीटरमागे फरक पडतो तो जेमतेम सव्वा मीटरचा.

आता मुख्य प्रश्न. चूक कधी डावीकडे, कधी उजवीकडे होणार. मग बेरजेत ती मिटून का जात नाही? बेचाळीसचे बेचाळीस सहाशे का होतात, एकेचाळीस आठशे का होत नाहीत?

जागेच्या चुका मिटतात, अंतराच्या मिटत नाहीत. सेकंदाला तीन मीटर वेगानं सरळ धावणारा माणूस घ्या. एका सेकंदाला घड्याळानं त्याला एक मीटर डावीकडे टाकला, पुढच्या सेकंदाला एक मीटर उजवीकडे. दोन ठिपक्यांमधलं खरं अंतर तीन मीटर. पण तिरकी रेघ मोजली तर ती भरते ३.६ मीटर. पुढच्या सेकंदाला तो पुन्हा डावीकडे गेला तर आणखी ३.६. डावं-उजवं एकमेकांना खोडत नाही, दोन्ही रेघेची लांबी वाढवतात. प्रत्यक्षात चूक इतकी उड्या मारत नाही. लागोपाठच्या दोन सेकंदांतल्या चुका बहुधा एकाच बाजूला झुकलेल्या असतात, शिवाय घड्याळ रेघ गुळगुळीत करून घेतं, म्हणून वाढ शंभरात वीसची न राहता एखाद-दोनची राहते. २०१६ साली साल्झबर्गच्या संशोधकांनी हीच गोष्ट गणितानं आणि प्रयोगानं दाखवली: मोजणीतल्या चुकीमुळे जीपीएसचं अंतर सरासरीनं वाढतंच. फाटकापाशी गाडी जाईपर्यंत घड्याळ चालू ठेवून उभे राहा आणि नंतर नकाशा मोठा करून बघा. तुम्ही उभे होतात त्या जागी दोऱ्याचा गुंता दिसेल. तो गुंतासुद्धा अंतरात धरला गेलेला असतो.

रेघ गुळगुळीत करण्याचा उलटा परिणाम वळणांवर होतो. बागेतल्या नागमोडी वाटेवर किंवा चारशे मीटरच्या ट्रॅकवर घड्याळ कोपरे कापतं आणि अंतर कमी दाखवतं. म्हणून एकच घड्याळ सरळ रस्त्यावर जास्त आणि बागेत कमी दाखवू शकतं. ‘माझं घड्याळ नेहमी दोन टक्के जास्त दाखवतं’ असं सांगून हिशेब जमवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

जास्तीच्या चारशे मीटरमध्ये आपलाही वाटा असतो, आणि तो खराच धावलेला असतो. शर्यतीचा रस्ता मोजतात तो शक्य तितक्या जवळच्या मार्गानं, वळणाच्या आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटरवरून. गर्दीत तसं धावता येत नाही. काटकोनी वळण सहा मीटर बाहेरून घेतलं की साडेनऊ मीटर वाढतात. अशी चाळीस वळणं झाली की पावणेचारशे मीटर झालेच. पाण्याच्या टेबलाकडे जाणं, पुढच्याला ओलांडणं, ओळखीच्या माणसाला हात करायला रस्ता ओलांडणं, हे वेगळंच.

मग रस्ता मोजतात कसा? याची माहिती मराठीत फारशी कुणी लिहिलेली नाही, म्हणून पुस्तिकेत त्यावर सगळ्यात जास्त पानं खर्च केली आहेत. जगभरच्या मान्यताप्राप्त शर्यती आजही सायकलनं मोजल्या जातात. इंग्लंडमध्ये जॉन ज्युएल यांनी १९६१ मध्ये ही पद्धत शास्त्रशुद्ध मांडली. अमेरिकेत ती टेड कॉर्बिट यांनी रुजवली. ते स्वतः १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावलेले होते. पुढे १९७१ मध्ये सायकलच्या पुढच्या चाकाला लावायचं मोजणीयंत्र आलं, त्याला जोन्स काउंटर म्हणतात. आधी पोलादी टेपनं किमान तीनशे मीटरचा सरळ पट्टा आखायचा, त्यावरून सायकल चार वेळा न्यायची, एका किलोमीटरला काउंटर किती आकडे पुढे सरकतो ते काढायचं, मग शर्यतीचा रस्ता मोजायचा. काम झालं की पुन्हा त्याच पट्ट्यावर चार फेऱ्या, कारण दिवस तापला की टायरमधली हवा फुगते आणि चाक किंचित मोठं होतं. एवढं करूनही मोजणारा स्वतःवर विश्वास टाकत नाही. रस्ता चुकूनही कमी भरू नये म्हणून तो किलोमीटरमागे एक मीटर जास्त ठेवतो. ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनला त्यामुळे सुमारे बेचाळीस मीटर जास्तीचे असतात, ते नियमानंच. आयोजकांनी मुद्दाम वाढवलेला रस्ता असेल तर तो एवढाच.

गेल्या डिसेंबरात मी आणि माझे दोन सोबती असाच पट्टा आखायला बसलो. पन्नास मीटरची पोलादी टेप, खडू, आणि प्रत्येक पन्नास मीटरवर डांबरात ठोकायला एक बारीक खिळा. सकाळचे साडेसहा, थंडीनं बोटं वळत नव्हती. फिरायला निघालेल्या एका काकांनी थांबून विचारलं, प्लॉट पडणार आहेत का इथे. सहाव्यांदा टेप ताणून खिळा ठोकला आणि ‘तीनशे’ म्हणून उठलो, तेव्हा आमच्यातल्या इंजिनिअरनं तापमान विचारलं. आठ अंश होतं. अशा टेपा वीस अंशांना बरोबर असाव्यात अशा बनवतात. थंडीत पोलाद आखडतं. हिशेब केला तर आमचे तीनशे मीटर चार सेंटिमीटरनं कमी भरत होते. शेवटचा खिळा उपटून चार सेंटिमीटर पुढे ठोकला. आमच्याकडे जोन्स काउंटर नव्हता, म्हणून चाकाच्या व्हॉल्व्हवर लाल पट्टी चिकटवून फेरे मोजले; काउंटर येण्याआधी अशीच मोजणी होत असे. मग रविवारी पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, त्याच सायकलनं कानपूर रोडवर मेट्रोच्या पुलाखाली एक किलोमीटर काढला आणि खांबांवर खडूनं खुणा केल्या. त्या दोन खुणांमध्ये आम्ही महिनाभर धावलो. घड्याळाचा किलोमीटर कधी खुणेच्या आधी वाजला, कधी खूण मागे टाकल्यावर. खुणा जागच्या जागी होत्या.

ते चार सेंटिमीटर दुरुस्त करताना मला हिंगणघाटची आठवण झाली. वर्धा जिल्ह्यातल्या या गावात विल्यम लॅम्बटनची कबर आहे. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी त्यानं १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सुरू केली. पहिली पायारेषा साडेसात मैलांची होती आणि ती शंभर फुटी पोलादी साखळीनं मोजायला ५७ दिवस लागले. साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, तिच्याजवळ तापमापक लावून तो मोजत असे, कारण उन्हात पोलाद किती वाढतं याचा हिशेब चुकला तर पुढचा सगळा देश चुकीचा मोजला जाणार होता. दोन दशकं तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. विदर्भातून हैदराबादकडे जाणाऱ्या धावपटूंनी वाट वाकडी करून ती कबर पाहावी. अंतर या गोष्टीची किंमत तिथे कळते.

गावाकडचे लोक मला एक रास्त प्रश्न विचारतात. ‘भूमी अभिलेखचा मोजणीदार रोव्हर घेऊन येतो, तोही उपग्रहावरच चालतो ना? त्याची हद्द दोन-चार सेंटिमीटरमध्ये बरोबर येते, मग तुमचं एवढं महाग घड्याळ का चुकतं?’ रोव्हर एकटा काम करत नाही. ज्याची जागा पक्की ठाऊक आहे असं एक कायमचं केंद्र दूर कुठेतरी तेच उपग्रह त्याच क्षणी ऐकत असतं आणि चूक किती ते रोव्हरला कळवतं. शिवाय रोव्हर एकोणीस सेंटिमीटरच्या लहरीचे बारीक भाग मोजतो, त्याची अँटेना ताटलीएवढी असते आणि तो खांबावर स्थिर उभा असतो. मनगटाला यातलं काही मिळत नाही.

लखनौच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. भारतावरच्या आयनमंडलाचा, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थराचा, सगळ्यात दाट पट्टा भोपाळ-अहमदाबादच्या आसपास असतो आणि लखनौ त्याच्या उत्तर कडेला येतं. उपग्रहाचा निरोप या थरातून येताना रेंगाळतो. साध्या घड्याळातलं गणित त्यातली जवळपास निम्मीच चूक काढू शकतं. याच कारणानं विमानांसाठीची ‘गगन’ प्रणाली उभारताना आपल्या शास्त्रज्ञांना आपल्या आकाशाला साजेसं वेगळं गणित बसवावं लागलं. धावपटूला मात्र या चुकीची भीती नको. ती सावकाश बदलते, त्यामुळे सगळी रेघ उचलून थोडी बाजूला सरकते आणि लांबी तितकीच राहते. नकाशावर तुम्ही शेजारच्या गल्लीत दिसाल, पण किलोमीटर बरोबर असतील. जागा चुकणं आणि अंतर चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या पुस्तिकेतून एवढं एक जरी कळलं तरी पुष्कळ झालं.

गेल्या काही वर्षांत घड्याळं खरोखर सुधारली. २ मे २००० रोजी अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, आणि २००३ मध्ये गार्मिनचं पहिलं फोररनर मनगटावर आलं. आताची महागडी घड्याळं दोन वारंवारितांवर ऐकतात. जुन्या एल-१ संकेताचं एक पाऊल २९३ मीटरचं पडतं, नव्या एल-५ चं २९ मीटरचं. म्हणून भिंतीवर आपटून आलेला निरोप आणि सरळ आलेला निरोप यांतला फरक दुसऱ्याला बराच चांगला ओळखता येतो. आपल्या ‘नाविक’ या दिशादर्शन प्रणालीचे उपग्रह सतत आपल्याच बाजूच्या आकाशात असतात, त्यांचा फायदा मनगटाला व्हायला हवा होता. पण पहिल्या पिढीतले उपग्रह एल-१ वर बोलतच नव्हते. २९ मे २०२३ रोजी सुटलेल्या एनव्हीएस-०१ पासून ती सोय आली. याच लखनौत, कुर्सी रोडवर, इस्रोच्या इस्ट्रॅकचं भूस्थानक आहे. तिकडून जाताना मला दर वेळी वाटतं, आपल्या उपग्रहांवर चालणारं घड्याळ आपल्या पोरांच्या हातात लवकर यावं.

शर्यतीच्या दिवशी या सगळ्याचा उपयोग काय? चार तासांत मॅरेथॉन संपवायची तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद लागतात. घड्याळ शंभरात एक जास्त दाखवत असेल आणि तुम्ही त्याच्याच वेगावर डोळे ठेवून धावलात, तर अंतिम रेषेवर २ मिनिटं २४ सेकंद उशीर होतो. वर्षभर पहाटे उठून केलेली मेहनत त्या अडीच मिनिटांत जाते. म्हणून स्वयंचलित लॅप बंद ठेवा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबा. वेळ घड्याळाकडून घ्या, कारण वेळ ते उत्तम मोजतं. अंतर पाटीकडून घ्या. निघण्याआधी उघड्यावर मिनिटभर उभे राहून उपग्रह नीट पकडू द्या. रोजच्या सरावात तेच घड्याळ, तोच रस्ता ठेवलात तर कालच्यापेक्षा आज कसे धावलो हे ते प्रामाणिकपणे सांगेल.

आणि एक विनंती. पुढच्या शर्यतीनंतर घड्याळात तीनशे-चारशे मीटर जास्त आले, तर समूहावर ‘रस्ता चुकीचा’ असं लिहिण्याआधी थांबा. कुणीतरी रहदारी सुरू होण्याआधी, सायकलवरून, कडेपासून तीस सेंटिमीटर राखत तो रस्ता मोजलेला आहे. शंका उरलीच तर आयोजकांकडे मोजणीचं प्रमाणपत्र मागा. तो तुमचा हक्क आहे. प्रमाणपत्र नसेल तर मात्र जरूर लिहा, मोठ्या अक्षरांत लिहा.